यामासे : थंड उन्हाळ्याचा वारा

दुष्काळ म्हटला, कीं महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढें निरभ्र आकाश व भेगाळलेली जमीन उभी राहते. परंतु ढगाळ आभाळाखालीं, पाण्यानें भरलेल्या खाचरांच्या कांठींही माणसें अन्नान्न करून मेलीं आहेत. जपानच्या ईशान्येकडील तोहोकु प्रांताचा इतिहास याची साक्ष देतो.

तेथील उन्हाळ्यांत, म्हणजे जून ते ऑगस्ट या महिन्यांत, ओखोत्स्क समुद्रावर हवेचा दाब वाढून राहिला, म्हणजे 'यामासे' नांवाचा वारा सुटतो. ओयाशियो या थंड सागरप्रवाहावरून येतांना तो गारवा व बाष्प घेऊन येतो आणि पॅसिफिक किनाऱ्यावर धुकें व ढग पसरवितो. ओऊ पर्वताची रांग हे ढग बरेचसे अडविते. म्हणून पूर्वेस गारठा असतां पश्चिमेस पुष्कळदां ऊन पडतें. भात पोटरींत असतांना हा गारठा टिकला, तर पराग निर्जीव होतो, लोंब्यांत दाणा भरत नाहीं व पीक पळंज जातें.

पीक बुडविणें एवढेंच वाऱ्याचें काम. त्यापुढील हिशेब माणसांकडे मागावयाचा, असें आम्हांस वाटतें. १७८३ सालच्या थंड उन्हाळ्यांत तोहोकुचें पीक बुडालें. हिरोसाकी संस्थानानें देणीं भागविण्यासाठीं आपला तांदूळ एदो व ओसाका येथें रवाना केला होता. तो पाठविणें थांबवा, म्हणून आओमोरी बंदरांत लोकांनीं दंगा केला. पण वेळ निघून गेली होती. त्या संस्थानांत ८०,००० हून अधिक माणसें दगावलीं. त्याच प्रांताच्या दक्षिण टोंकास शिराकावा संस्थानाधिपति मात्सुदायरा सादानोबु यानें बाहेरून धान्य आणवून वांटलें. त्याच्या प्रजेंत भूकबळी पडला नाहीं, असा त्याचा लौकिक आहे. १७८७ सालीं शोगुनच्या कारभाराचीं सूत्रें त्याच्याच हातीं आलीं.

१९९३ सालीं यामासेनें पुन्हा गांठलें. आओमोरींत भाताचें पीक रुपयास साडेचार आणेच आलें. परंतु थायलंड आदि देशांतून तांदूळ आला आणि दुष्काळ पडला नाहीं. इवाते जिल्ह्यांत तर थंडीस टिकणाऱ्या नव्या वाणाचें बियाणें अपुरें पडलें, तेव्हां तें दूर दक्षिणेस इशिगाकी बेटावर भर हिंवाळ्यांत पिकवून पेरणीस परत आणलें. त्या वाणाचें नांव 'काकेहाशि', म्हणजे सेतु.

आमच्या इकडे १८७६-७८ च्या दुष्काळांतही हिंदुस्थानांतून धान्याचीं जहाजें परदेशीं जातच होतीं. तेव्हां दुष्काळाचा इतिहास लिहितांना पाऊस व वारा यांच्या नोंदींशेजारीं कोठारांच्या व बंदरांच्या वह्याही उघडल्या पाहिजेत.