वर्धेकाठची झाडे : दीडशे वर्षांचा हिशेब

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी धामणगाव मागे टाकते, वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि पुलगावला येते. नदीच्या पश्चिमेला अमरावती जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड. पूर्वेला वर्धा जिल्हा, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा भाग. दोन्ही काठांवर काळी माती आहे, पाऊस साधारण सारखाच पडतो आणि बाभूळ, पळस, कडुनिंब, मोह ही झाडेही तीच आहेत. तरीही ‘झुडपी जंगल’ नावाची जमीन सरकारी कागदांत फक्त पूर्वेच्या काठावर सापडते. असे का व्हावे? या प्रश्नाचा माग घेत गेलो, तर उष्ण कटिबंधातल्या प्रदेशात झाडे कशामुळे घटतात आणि घटली की काय होते, हे बरेचसे उलगडते.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. ‘पूर्वी इथे सगळीकडे घनदाट अरण्य होते’ असे आपण सहज म्हणतो. पुलगाव, देवळी, हिंगणघाट या काळ्या मातीच्या पट्ट्यात शेती फार जुनी आहे. सलग जंगल होते ते मुख्यतः उत्तरेकडच्या आर्वी, आष्टी, कारंजा या डोंगराळ भागात. हे शुष्क पानझडी प्रकारचे जंगल. साग, ऐन, धावडा, तेंदू, सालई ही त्यातली झाडे उन्हाळ्यात पाने गाळून पाण्याची बचत करतात. मैदानातल्या गावाला मात्र तीन प्रकारची झाडे माहीत होती : डोंगरातल्या जंगलाची, गावाच्या पडीक व चराऊ जमिनीवरची आणि शेताच्या धुऱ्यावरची. या तिघांचे नशीब वेगवेगळे ठरले. त्यांचा हिशेब वेगवेगळाच मांडायला हवा.

रूळ आले

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तिच्यासाठी लाकूड किती लागले असेल, याचा अंदाज वर्गातही काढता येईल. एका यार्डाला एक स्लीपर धरला, तर मैलाला १७६० स्लीपर होतात. भुसावळ ते नागपूर हे अंतर २४० मैलांहून थोडे अधिक आहे. म्हणजे एकेरी मार्गालाच चार लाखांवर स्लीपर लागतील. नऊ फूट लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच जाड अशा स्लीपरमध्ये तीन घनफुटांहून थोडे अधिक लाकूड असते. एकूण बेरीज तेरा लाख घनफुटांच्या आसपास जाते. शिवाय लाकडी स्लीपर कुजतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. हे सगळे लाकूड इथलेच होते असे मात्र नाही. डांबरी तेल मुरवलेले परदेशी लाकूड आणि पुढे लोखंडी स्लीपरही वापरले गेले. पण मध्य भारतातल्या सागाला मोठे गिऱ्हाईक मिळाले, यात शंका नाही.

इंग्रज सरकारला लाकडाच्या टंचाईची जाणीव झाली ती याच काळात. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिच ब्रँडिस हे त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ मध्ये वनकायदे आले. डोंगरातले साग राखले गेले, आणि गावकऱ्यांचा तिथला वावर परवान्याचा झाला. पहिल्या प्रकारच्या झाडांना असा पहारेकरी मिळाला. उरलेल्या दोन प्रकारांना तो मिळाला नाही.

कापसाचा भाव

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या गिरण्यांना मिळेना. मागणी भारताकडे वळली आणि भाव भडकले. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण तोवर रेल्वे दाराशी आली होती. हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला होता. आता पुलगाव, आर्वी, धामणगाव येथूनही गाठी मुंबईला जाऊ लागल्या. पुलगावात कापडगिरणी उभी राहिली. १९१७ मध्ये पुलगाव–आर्वी ही अरुंद रुळांची गाडीही सुरू झाली.

कापसासाठी नांगर फिरला तो डोंगरातल्या सागावर नव्हे. गावालगतच्या चराऊ जमिनीवर, बाभूळबनांवर, हिवराच्या झुडपांवर. जंगलतोडीच्या इतिहासात या झाडांची नोंद सहसा येत नाही, कारण ती कुणाच्या वखारीत गेली नाहीत. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची होती. वखराची दांडी आणि बंडीची चाके बाभळीची, कुंपणाला तिचेच काटे आणि शेळ्यांना तिच्याच शेंगा.

पुढची साखळी नीट पाहू. चराई कमी झाली की जनावरांना चारा कमी पडतो. जळण कमी झाले की शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते. शेण चुलीत गेले की शेताला खत मिळत नाही. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे कृषिरसायनशास्त्रज्ञ १८८९ च्या अखेरीस भारतात आले आणि वर्षभर देशभर हिंडले. १८९३ च्या अहवालात त्यांनी हेच दाखवून दिले : शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानामुळे नव्हे, लाकूड मिळत नाही म्हणून. गावोगाव जळणासाठी आणि चाऱ्यासाठी राखीव वने वाढवा, हा त्यांचा आग्रह होता. तो फारसा अमलात आला नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. १८९१ ते १९०१ या दशकात वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. दुष्काळ पावसाअभावी आला हे खरे, पण त्याला तोंड देण्याची गावाची ताकद आधीच खचली होती.

दोन काठ, दोन कायदे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वऱ्हाडात रयतवारी होती. शेतकरी सारा थेट सरकारला भरी. पूर्वेला मालगुजारी होती. गावाचा सारा मालगुजार भरी, आणि गावाची पडीक जमीन व तिच्यावरची झाडे त्याच्या मालकीची मानली जात. सरपण, गवत, इमारतीचे किरकोळ लाकूड घेण्याचा गावकऱ्यांचा हक्क ‘निस्तार’ या नावाने नोंदलेला असे.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी नष्ट केली. (वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.) मालगुजारांच्या ताब्यातल्या पडीक जमिनी सरकारजमा झाल्या. ज्या जमिनीत मुरूम फार, माती उथळ आणि झाडे खुरटी, तिच्यापुढे ‘झुडपी जंगल’ असा शेरा राहिला. पश्चिम काठावर मालगुजारी नव्हती, म्हणून हा शेराही नाही. म्हणजे झुडपी जंगल हा वनस्पतिशास्त्रातला प्रकार नसून महसुली इतिहासाने दिलेले नाव आहे.

नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. तिच्यावर काही ठिकाणी गुरे चरतात, काही ठिकाणी शाळा, घरे, सरकारी इमारती आणि स्मशानभूमी उभ्या आहेत. हे जंगल की महसुली जमीन, हा वाद अनेक वर्षे चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : झुडपी जंगल हे वनजमीनच मानले जाईल. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींना, केंद्राच्या मंजुरीची रीतसर प्रक्रिया करून, वगळण्याची वाट मात्र ठेवली आहे. जिथे एकही उंच झाड नाही अशा माळालाही त्यामुळे संरक्षण मिळाले. खुरटी झुडपे, गवत आणि त्यावर जगणारी गुरे, ससे, तितर यांचाही एक अधिवास असतो, हे विज्ञान सांगतेच. पण याच जमिनीवर गावाची चराईही अवलंबून आहे. संरक्षण करताना निस्ताराचे काय, हा प्रश्न १८७८ च्या कायद्यानंतर पुन्हा एकदा समोर आला आहे.

उपग्रहाला काय दिसते?

भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून देशाच्या वनांचा अहवाल प्रसिद्ध करते. तिच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्के किंवा अधिक भाग झाडांच्या छत्राने झाकलेला असेल, तर ते वनाच्छादन. जमीन कुणाची आणि झाड कोणते, हे पाहिले जात नाही. संत्र्याची मोठी बाग किंवा निलगिरीची लागवड त्यात धरली जाऊ शकते, आणि कागदावर वन असलेला झुडपी माळ त्यातून वगळला जाऊ शकतो. वनजमीन आणि वनाच्छादन हे दोन वेगळे आकडे आहेत. बातम्या वाचताना आपण हे विसरतो.

धुऱ्यावरच्या एकट्या झाडाची दखल घेणे तर आणखी कठीण. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिशय बारकाईच्या उपग्रहचित्रांतून भारतातल्या शेतांमधली झाडे एकेक करून मोजली. त्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१०-११ मध्ये दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे ११ टक्के २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती. २०१८ ते २०२२ या काळात आणखी पन्नास लाखांवर मोठी झाडे गेली. कडुनिंब, मोह, जांभूळ यांसारखी ही झाडे. सावलीने पीक कमी येते ही समजूत आणि विंधनविहिरींमुळे बदललेली शेती, अशी कारणे या अभ्यासात पुढे आली. राज्याच्या वनाच्छादनाचा आकडा जैसे थे राहूनही एवढे मोठे नुकसान होऊ शकते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला होता. पण जुन्या मोहाचे फूल, सावली आणि पक्ष्यांची ढोली रोप लावून लगेच परत येत नाहीत.

शाळेत करण्यासारखे

हा हिशेब आपल्या गावापुरता विद्यार्थ्यांना मांडता येईल. नागपूर विभागातल्या गावांसाठी तलाठ्याकडे ‘निस्तारपत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ मिळतात का ते पाहावे. कोणती जमीन कशासाठी राखली होती, कोणत्या झाडावर कुणाचा हक्क होता, हे त्यांत नोंदलेले असते. मग त्या जागी प्रत्यक्ष जाऊन आज काय आहे ते नकाशावर भरावे. एका शिवारातली धुऱ्यावरची झाडे मोजून त्यांच्या बुंध्यांचा घेर नोंदवावा. तेच शिवार पाच वर्षांनी पुढच्या वर्गाने पुन्हा मोजावे. गावातल्या वृद्धांना विचारावे : अमुक झाड केव्हा गेले आणि का गेले?

उत्तरांमध्ये ‘लोकसंख्या वाढली’ हे एकच कारण येणार नाही. कुठे कापसानंतर आलेले सोयाबीन असेल, कुठे ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून तोडलेली बाभूळ, कुठे रस्त्याचे रुंदीकरण. साग राखला गेला, कारण त्याची मोजणी होत होती. बाभूळ कुणीच मोजली नाही.