बॅटरी तर नवीच होती

सकाळी ६.१०, कवठे महांकाळ

दाजींनी किल्ली फिरवली, सेल्फ नुसता टकटकला. गाडी पंधरा वर्षांची, पेट्रोलवरची, आतली बॅटरी चार वर्षांची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकतेच, त्यामुळे निदान व्हायला वेळ लागला नाही. शेजारच्या पोराने बोनेट न उघडताच सांगितलं, "बॅटरी गेलीया, दाजी." चौघांनी ढकलली, उतारावर दुसरा गिअर टाकला, गाडी सुरू झाली.

गेला आठवडाभर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मधूनच मिणमिणायचा. फाट्यावर गाडी उभी असली की हेडलाइट मंद व्हायचे, रेस दिली की उजळायचे. या दोन्ही तक्रारी डायनामोच्या आहेत. (मिस्त्री लोक अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) पण बॅटरी डोळ्यांना दिसते, बदलता येते, तिच्यावर वॉरंटीचं कार्ड मिळतं. डायनामो इंजिनाच्या पोटात कुठेतरी काळा पडलेला असतो. आळ बॅटरीवर येतो तो असा.

सकाळी ९.३०

इलेक्ट्रिशियनने जुनी बॅटरी काढली, वजनावर पैसे वजा केले आणि ३५ अँपिअर-अवरची नवी बसवली. मग गाडी चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर उपसली. इंजिन बंद पडलं नाही. "बघा मालक, डायनामो एकदम ओके."

ही परीक्षा कार्ब्युरेटरच्या काळातली. तिच्यातून इतकंच कळतं, की त्या क्षणी, दिवे-पंखे बंद असताना, डायनामो इंजिनापुरती वीज देतोय. ओझं पडल्यावर तो काय करेल हे कळत नाही. शिवाय चालत्या गाडीची बॅटरी अशी तोडली की व्होल्टेज उसळतं. त्यात रेग्युलेटर किंवा गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.

दोन-तीनशे रुपयांच्या मीटरने हे काम पाच मिनिटांत झालं असतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली जाता कामा नये. आणि खरा निकाल लागतो तो गाडी चालू असताना, हेडलाइट नि ब्लोअर लावून. तेव्हा १३.८ ते १४.५ यायला हवेत. तेव्हाही उभ्या गाडीइतकेच साडेबारा आले, तर वीज भरलीच जात नाही. मग मीटरचं लाल टोक डायनामोच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळं डायनामोच्या अंगावर लावायचं. तिथे १४ आणि बॅटरीवर साडेबारा असतील, तर मधली वायर, गंजलेलं टर्मिनल किंवा ढिली अर्थिंग वीज खातेय. तिथेही साडेबाराच असतील, तर पट्टा बघायचा आणि डायनामो खोलायचा.

मीटर दुकानात होता. खिळ्याला अडकवलेला.

दुपार

सांगोल्यात साखरपुडा. उन्हात दिवे नाहीत, वायपर नाही, एसी दाजी लावत नाहीत. गाडी झकास गेली. आक्का म्हणाली, "नवी बॅटरी टाकल्यावर गाडीच नवी झाली की."

संध्याकाळी ५.५०, सांगोला

जेवणावळ उठायच्या आत गावाकडून फोन आला. परतीचा पाऊस आला होता. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाची कोवळी फूट बाहेर पडलेली असताना असा पाऊस लागला की डाऊनी रोगाची धास्ती. पहाटे औषध मारायचंच होतं, म्हणून पाहुण्यांनी मुक्कामाचा आग्रह केला तरी दाजी थांबले नाहीत. हे ज्याची बाग आहे त्यालाच कळेल.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, लाल दिवा लागायला हवा होता. लागला नाही. जुन्या वायरिंगमध्ये या दिव्यातून गेलेला करंट डायनामोच्या आत, कार्बन ब्रशमधून फिरत्या कॉइलला मिळतो. ब्रश झिजून टेकायचे थांबले की वाटच तुटते, आणि दिवा पेटत नाही. आठवडाभर मिणमिणणारा दिवा आता दिसत नाही, म्हणजे दुखणं गेलं, असं दाजींना वाटलं. सेल्फ तर एका झटक्यात लागला.

६.१५

रस्त्याला लागलो आणि पाऊस सुरू. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअर, वायपर चार-पाच, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर आठ-दहा. इंजिनाचा फ्युएल पंप, इंजेक्टर, इग्निशन धरून आणखी आठ-दहा, वर रेडिएटरचा पंखा मधूनमधून. तिशीच्या पुढेच.

३५ अँपिअर-अवर ही जी क्षमता बॅटरीवर छापलेली असते, ती २० तास हळूहळू, पावणेदोन अँपिअरने वीज काढली तर मिळते. तीस अँपिअरने ओढली तर ती तासभरसुद्धा पुरत नाही. त्यातून दुकानातली नवी बॅटरी नेहमी काठोकाठ भरलेली असतेच असं नाही.

६.४०

टेप आपोआप बंद झाला. वायपर काचेवर मध्येच रेंगाळायला लागला. स्टिअरिंग जड झालं. मोटरवर चालणारं पॉवर स्टिअरिंग व्होल्टेज उतरलं की आधीच हात वर करतं. दाजी म्हणाले, "पुढचं चाक बसलंय वाटतं." उतरून बघितलं, चाक टणक. त्या दोन मिनिटांत इंजिन आणि दिवे चालूच होते.

६.५५, जुनोनी मागे पडलं

हेडलाइट पिवळे. उजव्या हाताला एका धाब्याच्या ट्यूबलाइट दिसत होत्या. "आता घर आलंच की," दाजी म्हणाले.

११ ऑक्टोबर १९८३ च्या रात्री अमेरिकेत इलिनॉय राज्यात एका वैमानिकाने असाच हिशेब केला. स्प्रिंगफील्डहून उडाल्यावर लगेच डावा जनरेटर गेला. गडबडीत चांगला उजवाही तोडला गेला, तो परत जोडता आला नाही. मागे वळायला विमानतळ जवळ होता. पण बॅटरी अर्धा तास टिकेल आणि तेवढ्यात कार्बनडेल गाठू, असं धरून तो पुढे गेला. उड्डाणानंतर सुमारे तेहेतीस मिनिटांनी विमान कोसळलं, आतले दहाही जण गेले. मुक्काम टप्प्यात आला की माणूस बॅटरीऐवजी किलोमीटर मोजायला लागतो.

७.०५, नागजच्या अलीकडे

चढावर इंजिन मिसिंग करायला लागलं. पंपाला पुरेसं व्होल्टेज नाही, ठिणगीला जोर नाही. दोन आचके, आणि बंद. डाव्या कडेला घेतली, पण पुरती रस्त्याबाहेर गेली नाही. दाजींनी चारही इंडिकेटरचं बटण दाबलं. काही लागलं नाही. मागचा लाल दिवाही नाही. पावसात करड्या रंगाची गाडी, चौपदरी महामार्गावर, काळोखात.

या रस्त्यावरच्या अंधाराला हलकं घेऊ नये. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी जुनोनीजवळच पंढरपूरला चाललेल्या पायी दिंडीत मोटार घुसली आणि सात वारकरी गेले.

७.०९

आक्काला नि पोरांना उतरवून बांधावर चढवलं. आजच्या दिवसातला एवढा एकच निर्णय बरोबर ठरला. लाल त्रिकोण डिकीत होता. त्यावर आहेराच्या साड्या, मिठाईचे बॉक्स, नारळाचं पोतं. दाजी नारळ उतरवत होते, मी मोबाइलची बॅटरी हलवत मागे चालत गेलो.

७.१७

टेम्पोवाल्याला उजेड दिसला, गाडी दिसली नाही. मी ओरडलो तसे दाजी बांधाकडे पळाले. टेम्पोने करकचून ब्रेक मारला तरी मागून धडक बसली आणि गाडी नालीत आडवी गेली. टेम्पोवाल्याच्या कपाळाला टाके पडले. आम्हा कुणाला खरचटलंही नाही. नारळ मात्र रस्ताभर.

दुसऱ्या दिवशी, दुपारी

इलेक्ट्रिशियनने डायनामो खोलला. आतून निघालेले दोन कार्बन ब्रश तळहातावर ठेवले. एक काडेपेटीच्या गुलाएवढा उरला होता, दुसरा तिरका झिजून अडकून बसला होता. सगळ्या डायनामोत स्वस्त वस्तू हीच. नव्या बॅटरीला त्याने मीटर लावला, खिळ्यावरचाच. साडेदहा. "चार्ज करून देतो मालक, बॅटरीत दोष न्हाई."

"आणि आमची जुनी?" दाजींनी विचारलं.

"ती व्हय? रात्रभर चार्जिंगला लावली हुती. सकाळी एका गाडीला घातली. झकास चाललीया."