छपरावरचा इतिहास

चारोटी नाक्यावरून आत एखाद्या पाड्यात शिरलात, तर कौलांच्या शेजारी राखाडी, लाटालाटांचे पत्रे दिसतील. आपण त्यांना ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतो. यातल्या बऱ्याच पत्र्यांत सिमेंटला धरून ठेवतात ते ॲस्बेस्टॉसचे तंतू.

या तंतूंचा धोका शंभर वर्षांपूर्वीच कळला होता. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्स कारखान्यातली कामगार नेली केरशॉ १९२४ मध्ये वारली. तिच्या फुप्फुसांत हेच तंतू सापडले. १९३१ मध्ये ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीवर नियम केले. पुढे याच उद्योगसमूहाचे कारखाने आपल्या मुलुंड-घाटकोपरला उभे राहिले.

श्वासातून गेलेला तंतू फुप्फुसात रुतून बसतो. कॅन्सर दिसायला वीस-चाळीस वर्षं लागू शकतात. म्हणून १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर जपायची.

पण घराघरांत पत्रे कापणाऱ्या गड्याची नोंद कोण ठेवतं? ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे ते आयात होत राहिलं.

अख्ख्या पत्र्याखाली राहण्यापेक्षा तो कापण्या-फोडण्यात धोका जास्त. डहाणू-तलासरीला २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसले आहेत. तडकलेला पत्रा काढायची वेळ आलीच, तर आधी पाणी मारा. कोरडा कापू नका, भुसा झाडू नका. आणि पोरांना लांब ठेवा. त्यांच्यापुढे अजून चाळीस वर्षं आहेत.