मनुष्यबळ अधिकारी : मुंबईचे गिरणगाव व कॉटन ग्रीन परिसर

मनुष्यबळ अधिकारी : गिरणी, कारखाना, गोदी, कचेरी वा अन्य आस्थापनेत माणसांची भरती, हजेरी, पगार, रजा, शिस्त, तक्रारी, कल्याणसोयी व सेवासमाप्ती ही कामे पाहणारा पगारी अधिकारी. मुंबईत या पदाला निरनिराळ्या काळात लेबर ऑफिसर, कामगार कल्याण अधिकारी, पर्सोनेल ऑफिसर आणि अखेरीस एचआर मॅनेजर अशी नावे मिळाली. कामाचे स्वरूप मात्र दर वेळी तितक्याच प्रमाणात बदलले असे म्हणता येत नाही. माणसाला कामावर घेण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाच्या हाती होता आणि तो कोणत्या साधनाने राबवला जात होता, हा या पदाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न असल्याने प्रस्तुत नोंदीची मांडणी त्या अंगाने केली आहे.

परिसर : कॉटन ग्रीन हे मुंबईच्या हार्बर रेल्वेमार्गावरील शिवडी व रे रोड यांमधील स्थानक आणि त्याभोवतालची वस्ती. कापसाचा बाजार प्रथम कोटातील टाउन हॉलसमोरच्या मैदानात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कुलाब्यास आणि १९२०च्या दशकात पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडी येथे भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर गेला. या शेवटच्या जागी गोदामे व कॉटन एक्स्चेंजची इमारत उभी राहिली आणि बाजाराचे नाव वस्तीला मिळाले. पश्चिमेस काळाचौकी, अभ्युदयनगर व लालबाग, पूर्वेस बंदराची हद्द अशी रचना असल्याने गिरणी कामगार, गोदी कामगार व माथाडी हे तिन्ही वर्ग येथे शेजारी राहत आले.

जॉबर : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून सुमारे ऐंशी वर्षे मुंबईच्या गिरण्यांत स्वतंत्र भरती खाते जवळजवळ नव्हते. खात्यावरचा जॉबर आपल्या गावचे, नात्यातले वा चाळीतले लोक आणून कामास लावी, त्यांच्यावर देखरेख करी, यंत्राची किरकोळ जुळणी करी आणि अडीनडीला पैसेही देई. रिळिंग व वाइंडिंग खात्यांत स्त्रियांवर नायकिणी असत. काम मिळवून देण्याबद्दल आणि ते टिकवण्याबद्दल घेतल्या जाणाऱ्या पैशाला दस्तुरी म्हणत. जॉबरच्या सत्तेच्या व्याप्तीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही: मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ च्या ग्रंथात गिरण्यांतील शिस्तीच्या घडणीत त्याला मध्यवर्ती स्थान दिले, तर राजनारायण चंदावरकर यांनी जॉबर वरून मालकाच्या व खालून वस्तीतील लोकांच्या दाबाखाली असे, त्यामुळे त्याची सत्ता कायम डळमळीत राहिली, असे दाखवले.

याच काळात कामगारांच्या बाजूने झालेल्या प्रयत्नांत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनचा उल्लेख करावा लागतो. तिचे स्थापनावर्ष काही ठिकाणी १८८४, तर काही ठिकाणी १८९० दिलेले आढळते. गिरण्यांना रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळाली. पुढे कामगार हितवर्धक सभा (१९०९) आणि ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग (१९११) या संस्थांनी वाचनालये, रात्रशाळा व पतपेढ्या चालवल्या. कल्याणाचे काम हे धर्मादाय न राहता नेमलेल्या माणसाचे काम होण्याची सुरुवात येथून झाली.

लेबर ऑफिसर : पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली तेव्हा गिरणीमालकांनी कमी माणसांत जास्त यंत्रे चालवण्याची योजना पुढे केली. ससून समूहाच्या गिरण्यांत दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराला तीन माग आणि साच्याची एक बाजू पाहणाऱ्या कताई कामगाराला दोन बाजू देण्यात आल्या. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळातील सार्वत्रिक संपामागे हे एक प्रमुख कारण होते आणि त्याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे यंत्रांच्या वाटणीबरोबरच गिरण्यांचे स्थायी आदेश, म्हणजे हजेरी, दंड, रजा व बडतर्फीचे लेखी नियम, हाही विषय होता. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ या मूळच्या ससून समूहाच्याच गिरण्या होत.

जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने (नियुक्ती १९२९, अहवाल १९३१) जॉबरकडून भरती व बडतर्फीचा अधिकार काढून तो थेट व्यवस्थापकाच्या हाताखाली काम करणाऱ्या लेबर ऑफिसरकडे द्यावा अशी शिफारस केली, ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. १९३४ चा सार्वत्रिक संप मोडल्यानंतर मुंबई सरकारने त्याच वर्षी मुंबई व्यवसाय-तंटे सलोखा कायदा केला आणि कापड गिरण्यांतील कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी सरकारी लेबर ऑफिसरचे पद निर्माण केले. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या गिरणीमालक संघानेही आपला स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमला. सरकारी अधिकाऱ्याचे पद कामगारांच्या हिताचे होते की युनियनला बाजूला सारण्यासाठी होते, याबद्दल त्या वेळी तीव्र मतभेद होते.

बदली पास पद्धत : गैरहजर कामगाराच्या जागी एक-दोन दिवसांपुरते काम करणाऱ्यास बदली कामगार म्हणत. पाळीच्या आधी बदल्यांचा घोळका गेटबाहेर उभा राही आणि जॉबर त्यातून हवी ती माणसे उचली. दस्तुरीचे मूळ या निवडीत होते. मालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणली. तिच्यानुसार प्रत्येक गिरणीने महिन्याच्या एक तारखेला ठरावीक संख्येच्या बदल्यांना पास द्यावयाचे, पासधारकांनी रोज सकाळी गेटवर हजेरी लावावयाची, त्या दिवशीच्या रिकाम्या जागा केवळ त्यांच्यातूनच भरावयाच्या आणि कायम जागा मोकळी झाली की ज्येष्ठतेने ती पासधारकाला द्यावयाची, असा क्रम होता. यासाठी गिरणीत पासांची नोंदवही, खातेवार हजेरीपट आणि ज्येष्ठतेची यादी ठेवावी लागली. ही कागदपत्रे सांभाळणारे टाइम ऑफिस व त्यावरचा टाइम कीपर पुढच्या मनुष्यबळ खात्याचे बीजरूप मानता येतात. भरतीचा अधिकार जॉबरच्या तोंडी शब्दातून नोंदवहीत आला हे या योजनेचे महत्त्व आहे. तरीही पास कोणाला मिळावा याची पहिली निवड खात्यातूनच होत असल्याने जॉबरचा प्रभाव लगोलग संपला नाही. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० च्या सुमारास, सरकारने नोकरीनोंदणी केंद्रामार्फत बदल्यांची यादी ठेवणारी स्थिरीकरण योजना मुंबईत सुरू केली. ती ऐच्छिक होती.

वैधानिक पद : मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने (१९४६) प्रत्येक उद्योगात एका प्रातिनिधिक युनियनला मान्यता दिली आणि कापड उद्योगात हे स्थान परळच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेले. औद्योगिक न्यायालयाने १९४७ मध्ये वेतनाचे प्रमाणीकरण करून किमान मूळ वेतन २६ दिवसांच्या महिन्यास ३० रुपये ठरवले. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ अन्वये ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले. याच अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह आणि स्त्री कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्यास पाळणाघर बंधनकारक केले. पाळणाघराची मूळची ५० ची मर्यादा १९७६ मध्ये ३० वर आणली गेली.

या पदात एक अंगभूत अडचण राहिली. पगार मालकाचा, कर्तव्य कामगारांच्या कल्याणाचे, आणि शिस्तभंगाची चौकशी निघाली की व्यवस्थापन याच अधिकाऱ्याकडे बोट दाखवी. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ च्या अहवालात कल्याण अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या वतीने कामगार-तंटे हाताळावयास लावू नये असे म्हटले. व्यवहारात दोन्ही कामे अनेक ठिकाणी एकाच टेबलावर राहिली.

शिक्षण व व्यवसाय : सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था १९३६ मध्ये नागपाडा येथे सुरू झाली, क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक होते. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. समाजकार्याच्या शिक्षणातून कामगार कल्याण आणि त्यातून पर्सोनेल व्यवस्थापन ही शाखा येथे वाढली. परळच्या दादाभाई चमारबागवाला मार्गावरील राज्य शासनाची बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट आता नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. गिरण्यांच्या ऐन वस्तीत असल्याने कामगार-कुटुंबांतील मुलांना तिचे अभ्यासक्रम जवळचे ठरले. पुणे विद्यापीठाची कामगार कायदे व कामगार कल्याण पदविका हा राज्यातील नोकरदारांचा दुसरा रूढ मार्ग. व्यावसायिक संघटनांपैकी कोलकात्याची १९४८ ची व मुंबईची १९५० ची अशा दोन संस्था १९८० मध्ये एकत्र येऊन नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट बनली. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९७५ च्या सुमारास उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाचे स्वतंत्र खाते उभारले. भारतातील हा पहिला प्रयोग समजला जातो.

स्त्री कर्मचारी : गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण १९२०च्या दशकात पाचांत एक इतके होते, ते पुढे सतत घटत गेले.

गोदी व माथाडी : गोदीत व बाजारात भरतीचा प्रश्न आस्थापनेच्या बाहेर सोडवला गेला. गोदी कामगार (रोजगार विनियमन) अधिनियम, १९४८ खाली मुंबई गोदी कामगार मंडळ १९५१ मध्ये स्थापन झाले. नोंदणीकृत कामगारांच्या टोळ्यांना पाळीपाळीने काम देणे आणि काम नसलेल्या दिवसांचीही काही हमी देणे ही त्याची कामे होती. कंटेनर आल्यावर टोळ्यांची गरज घटली आणि १९९४ मध्ये हे मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने (१९६९) व्यापारी मजुरी व तिच्यावरील लेव्ही त्रिपक्षीय मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला पगार, बोनस व भविष्यनिर्वाह निधी देते, अशी पद्धत घालून दिली. हमालाच्या बाबतीत हजेरी, पगार व कल्याण पाहणारे मनुष्यबळ खाते म्हणजे हे मंडळच होय.

तंत्रविज्ञान : गिरणीतील वेळेचे पहिले साधन भोंगा, दुसरे नंबर कोरलेले तिकीट व मस्टर. विजेच्या दिव्यांमुळे १९०५ च्या सुमारास कामाचे तास लांबले आणि त्यावरून अशांतता माजली. व्यापारी वापराचा भारतातील पहिला संगणक १९६१ मध्ये मुंबईतच एस्सो कंपनीत बसला. पगारपत्रके हे संगणकाच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते. विमा व बँक कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे केंद्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाबाबत समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ चा आहे. बँकांत यांत्रिकीकरणाचा करार १९८३ मध्ये झाला.

कापूस बाजारातील बदल वेगळ्या प्रकारचा होता. प्रतवारी करणारा जाणकार गाठीतून कापसाचा पुंजका काढून दोन्ही हातांच्या अंगठ्यांत व बोटांत ओढी, तंतू सरळ करून पुन्हा पुन्हा एकावर एक ठेवी आणि लांबी, रंग व कचरा यांचा अंदाज सांगे. हे कसब उमेदवारीतच येई. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या (आताच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाच्या) प्रयोगशाळांत आज एचव्हीआय हे यंत्र लांबी, ताकद, रंग व तंतूची जाडी-पक्वता दर्शवणारा मायक्रोनेअर काही क्षणांत मोजते. त्यामुळे अनुभवी नजरेऐवजी यंत्र चालवणारा तंत्रज्ञ नेमला जाऊ लागला.

१९८२ नंतर : १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर भरतीऐवजी स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज, ग्रॅच्युइटीचे हिशेब व वारसनोंदी आल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर लोअर परळच्या फिनिक्स, कमला आदी गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या व मॉल झाले. तेथील एचआर खात्यांचे बरेचसे कर्मचारी व्यवस्थापन पदवीधर असून त्यांना युनियनशी वाटाघाटीचा अनुभव क्वचितच असतो.

सद्यःस्थिती : भविष्यनिर्वाह निधीचा युनिव्हर्सल क्रमांक (२०१४) आल्यावर नोकरी बदलताना खाते हलवण्याचे काम बहुतांशी ऑनलाइन झाले. हजेरी बोटाच्या ठशाने वा चेहऱ्याने लागते, पगारपत्रक सॉफ्टवेअर करते आणि नोकरी डॉट कॉम (१९९७) यांसारख्या संकेतस्थळांवरून आलेले अर्ज चाळणी प्रणाली शब्दांवरून गाळते. त्यामुळे या व्यवसायातील कारकुनी जागा कमी होत असून माहितीचे विश्लेषण, कायदेपालन आणि २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध अधिनियमाखालील अंतर्गत समितीचे काम यांना मागणी आहे. निवड करणाऱ्या यंत्रणेने एखाद्याला का वगळले हे अर्जदाराला कळण्याची सोय सहसा नसते. न्यूयॉर्क शहराने अशा प्रणालींची पक्षपात-तपासणी सक्तीची केली आहे आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने भरतीतील वापर उच्च जोखमीचा ठरवला आहे.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्या ५०० वरून २५० वर आणली असून कारखान्यांसह खाणी व मळे यांनाही ती लागू आहे. ॲपवरून काम मिळणाऱ्या घरपोच सेवा कामगारांचा समावेश सामाजिक सुरक्षा संहितेत झाला आहे. त्यांच्यासाठी कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद मात्र कोणत्याही संहितेत नाही.