वर्गातले शेंडेफळ

वर्गात मूल चुळबुळले, की आमच्या कुरुंदवाडात म्हणतात, ‘शेंडेफळ ना, लाडावलेय!’ बुद्धी असूनही मन न आवरणाऱ्या मुलांवर डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये १९०२ साली व्याख्याने दिली. पुढे त्याला अवधानदोष हे नाव मिळाले. पण २०१२ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नऊ लाखांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे इयत्ता ठरते जन्मवर्षावरून. जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरातल्या मुलग्यांत हे निदान ३० टक्के, मुलींत ७० टक्के अधिक! म्हणून मूल घरातले कितवे, हे मी विचारीत नाही. हजेरीपटावरची जन्मतारीख पाहतो. खरा दोष डॉक्टरांनी ओळखावा. अकरा महिन्यांच्या कोवळेपणाला मात्र कुणी रोग म्हणू नये.