रेव्हिटमधील फॅमिली

इमारतीच्या संगणकीय प्रतिमानात पुन्हापुन्हा वापरता येणारा घटक. ऑटोडेस्कने 2002 मध्ये विकत घेतलेल्या रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये तिचे तीन प्रकार आहेत.

राजापूरकडचे जांभ्याचे कौलारू घर त्यात उभारायचे, तर भिंत, छप्पर आणि जमीन 'सिस्टीम फॅमिली'तून येतात. या फॅमिली प्रकल्पाच्या फाइलमध्येच असतात; चिऱ्याची जाडी आणि गिलाव्याचा थर भरून नवी भिंत तयार होते.

दारे, खिडक्या, खांब हे 'लोडेबल'. त्यांची आरएफए फाइल स्वतंत्र साठवून हव्या त्या प्रकल्पात आणता येते. खरी ताकद इथेच आहे. गजांच्या खिडकीच्या एका प्रकाराची रुंदी बदलली, की तो वापरलेला प्रत्येक नकाशा, छेद आणि तक्ता आपोआप सुधारतो.

'इन-प्लेस' फॅमिली एकाच जागेपुरती असते. उदाहरणार्थ, राजापूरकडच्याच धूतपापेश्वर मंदिराजवळच्या खडकाळ नदीकाठाला जुळवून बेतलेला एखादा कठडा. तिच्या प्रती काढत गेल्यास फाइल जड होते.