कागदावरचे नाना

नाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेशवाईतले फडणीस उभे राहतात, नाहीतर ओसरीवर अडकित्ता घेऊन बसलेले घरचे वडीलधारे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या माजी सैनिकांना मात्र तिसरेच एक नाना ठाऊक आहेत. सैन्यातून निरोप घेताना जवानाची वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. तेथे आजाराच्या नावापुढे पुष्कळदा एक इंग्रजी शेरा पडतो. हा आजार लष्करी नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, असा त्याचा अर्थ. त्या शेऱ्याची आद्याक्षरे जुळवली की होते 'नाना'! हे नाना ज्याच्या कागदावर येऊन बसले, त्याची अपंगत्वाची पेन्शन अडली.

मी इतिहासाचा मास्तर. माजी सैनिकांचे अर्ज लिहून देता देता या नानांचे कूळ शोधण्याचा नाद मला लागला. सातारकडच्या मिलिटरी अपशिंग्यात घरोघर फौजी. तिथे सल्ला द्यायला शेजारी असतो. आमच्याकडे गावात एखादाच. दारव्हा तालुक्यातले एक हवालदार चोवीस वर्षांची नोकरी संपवून आले ते मधुमेह सोबत घेऊनच. पुढे कपाशीच्या वावरात पऱ्हाटीचे धसकट पायात घुसले, ते त्यांना कळलेही नाही. अंगठा काढावा लागला. कागदावर 20 टक्के अपंगत्व, आणि लगोलग नाना.

लढाईत पडलेल्याच्या घराची काळजी राज्याने वाहावी, ही कल्पना आपल्याला नवी नाही. मराठेशाहीत रणात कामी आलेल्याच्या मुलाबाळांना 'बालपरवेशी' मिळे. किती गोड शब्द आहे! परंतु मरण दिसते, तलवारीची जखमही दिसते. रक्तातली साखर कोणाला दिसणार?

हा प्रश्न जगापुढे खरा उभा केला तो महायुद्धांनी. शिपाई गोळीने निकामी झाले, तसे आजारांनीही झाले. आणि आजार पलटणीत जडला की तो घरूनच आणला होता, हे सिद्ध कोणी करायचे? इंग्लंडमध्ये 1943 साली हे ओझे शिपायाच्या डोक्यावरून उतरवून सरकारच्या डोक्यावर ठेवण्यात आले. 1947 साली अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेलेल्या एका सैनिकाच्या विधवेचा दावा न्यायमूर्ती डेनिंग यांच्यापुढे आला. शंकेचा फायदा कोणाला आणि कुठवर द्यायचा, याची त्यांनी केलेली चर्चा कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. (बाई मात्र दावा हरल्या, हे सांगितले पाहिजे.) जाता जाता आणखी एक योगायोग. मधुमेह्यांना ज्या इन्शुलिनने जीवदान दिले, त्याच्या शोधाचे एक जनक फ्रेडरिक बँटिंग हे स्वतः 1918 मध्ये कांब्रेच्या लढाईत जखमी झालेले लष्करी डॉक्टर होते.

आपल्याकडे 1961 च्या लष्करी पेन्शन नियमावलीत दोन अटी होत्या. अपंगत्व किमान 20 टक्के हवे. आणि ते नोकरीमुळे आलेले किंवा नोकरीमुळे बळावलेले हवे. 1982 च्या नियमांनी जवानाची बाजू आणखी भक्कम केली. भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतला आणि कागदावर आजाराची नोंद नाही, तर नंतरचा आजार नोकरीतलाच धरावा. पुरावा त्याच्याकडे मागू नये. नियम इतका स्वच्छ असूनही मंडळे शेरा मारीत राहिली. अखेर सिग्नल्स दलातील धरमवीर सिंग नावाच्या शिपायाने अपस्माराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि 2 जुलै 2013 रोजी निकाल लागला: कारण न देता मारलेला शेरा चालणार नाही. 2014 च्या राम अवतार प्रकरणाने, नोकरीची मुदत पुरी करून घरी आलेल्यांनाही टक्के वर ओढून धरण्याचा लाभ दिला. म्हणजे 20 टक्क्यांचे 50 होतात. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या पगाराचे 30 टक्के, या हिशेबाने 6 टक्क्यांऐवजी 15 टक्के हाती येतात. इन्शुलिन विकत घेणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मधुमेहाचेच म्हणाल, तर 2019 मध्ये नौदलाचे कमांडर राकेश पांडे यांच्या प्रकरणात हे अपंगत्व कायमचे मानून पेन्शन आजन्म देण्यात आली. अमेरिकेने तर 2001 साली ही गाठ एका घावातच तोडली: व्हिएतनाममध्ये लढलेल्याला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह झाला, तर तो तेथील विषारी फवाऱ्यामुळेच झाला असे समजायचे.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मला वाटत नाही. ज्याने गावची वेस ओलांडली नाही त्यालाही मधुमेह होतोच की! पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने हलकी, तरी त्या मानाने अंगात चरबी अधिक, असे त्यांना दिसले. रोगाचे बी आईच्या पोटातच पडत असावे, असा याचा रोख. मग सैन्याचा काय दोष? पण नियमात 'किंवा' आहे, हे मंडळ विसरते. बी कुठलेही असो. अवेळी जेवण, तुटलेली झोप, उणे तापमानातली चौकी यांनी त्याला पाणी घातले की नाही, याचे उत्तर वेगळे द्यायला हवे. दोन दारे एकाच कुलपाने लावता येत नाहीत.

2008 च्या नियमांनी जवानाच्या बाजूचे ते सरसकट गृहीतक काढून टाकले. तरीही मार्च 2025 मध्ये, मधुमेहाच्याच एका प्रकरणात, दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की कारण दाखवण्याची जबाबदारी मंडळाचीच आहे. आजार शांततेच्या ठाण्यावर असताना उद्भवला, एवढे म्हणणे पुरेसे नाही. सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांना आणखी नवे नियम लागू आहेत.

आमचे हवालदार त्याआधीचे. त्यांचे पहिले अपील फेटाळले गेले, दुसरेही. आता मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज आहे. वकिलांना भेटायचे म्हणजे आधी एस. टी. ने धामणगाव, मग रेल्वे. सोबत एक पिशवी असते: तीत भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद, भाकरी, आणि थंड पाण्याच्या थर्मासमध्ये इन्शुलिनची बाटली. भरतीच्या त्या कागदावर आजाराचा रकाना कोरा आहे.